सूचना : रविवारच्या चढाईला कुत्रा आणणाऱ्यांसाठी

घरात ‘ये’ म्हटल्यावर कुत्रा येतो, तेवढं पुरेसं नाही. समोरून गुरं चालली असताना येतो का? खात्री नसेल तर दोरी सोडायची नाही. मागच्या वेळी माझाच शेरू खारीमागे पळाला आणि सगळ्यांचा अर्धा तास गेला, म्हणून स्वतःपासूनच सुरुवात करतोय. सरावाला १० मीटरची दोरी घ्या, पण ती गळपट्ट्याला नको, हार्नेसला (छाती-पाठीवरून जाणाऱ्या पट्ट्याला) बांधा.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. कातळावर तळहाताची पालथी बाजू टेकवा. ७ सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजणार. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतूनच येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले, तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना या वेळी घरीच ठेवा. वर्षाच्या आतल्या पिल्लांनाही. त्यांची हाडं अजून वाढत असतात.

पाणी आणि वाटी ज्याची त्याने आणायची. विष्ठेसाठी पिशव्याही (हे दर वेळी सांगावं लागतं!). परतल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा.

कोण कोण कुत्रा आणतंय ते शुक्रवारपर्यंत कळवा.