चार संघ, सहा सामने आणि नाशिकची काळी माती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला फुटबॉलची एखादी छोटी आंतरराष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा नाशिकला व्हावी, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. मागणी रास्तच आहे. चार देश, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, म्हणजे सहा सामने, सामन्याच्या दिवशी दोन याप्रमाणे तीन दिवसांत, मधले दिवस विश्रांतीचे. एवढं मध्यम शहराला झेपतं. भुवनेश्वरला २०१९ मध्ये भारत, इराण, नेपाळ आणि म्यानमार असे चारच संघ खेळले आणि म्यानमार जिंकलं. पण आपल्याकडे चर्चा सुरू होते ती प्रेक्षागृहापासून आणि पाहुण्यांच्या यादीपासून. ती जमिनीपासून सुरू व्हायला हवी.

आंतरराष्ट्रीय सामन्याला साधारण १०५ बाय ६८ मीटरचं मैदान लागतं, शिवाय चारही बाजूंना मोकळी जागा. एवढी जागा शहरात मिळते, पण बहुतेक ठिकाणी मधोमध क्रिकेटची खेळपट्टी असते. रोलर फिरवून दगडासारख्या केलेल्या त्या पट्टीवर चेंडू गुडघ्याऐवजी छातीपर्यंत उसळतो आणि बुटांचे स्टड रुततच नाहीत. बाकीची जमीन एकतर मुरमाची, नाहीतर काळी. मुरमावर घसरून टॅकल केलं की मांडीचं सालपट निघतं. काळी माती पावसात फुगते, दिवाळीनंतर भेगाळते आणि त्या भेगेत घोटा अडकतो. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण महिला खेळाडूंत पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे जमिनीकडे दुर्लक्ष करणं त्यांना जास्त महागात पडतं.

वर नुसती हरळी लावून हे सुटत नाही. आधी काळ्या मातीचा थर काढायचा, चर खणून सच्छिद्र पाइप आणि खडी टाकायची, त्यावर जाड वाळूचा थर, आणि मधून कडेकडे शेकडा एक असा हलका उतार. म्हणजे ६८ मीटर रुंदीत मध्यरेषा कडेपेक्षा सुमारे ३४ सेंटिमीटर उंच. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरायची तर धुतलेलीच हवी. तिच्यातली भुकटी एका पावसाळ्यात निचरा बुजवते. हरळीचे तुकडे जूनमध्ये लावले तर दसऱ्यापर्यंत गालिचा धरतो. ऑक्टोबरात लावले तर निफाडचा पारा खाली जायला लागतो, तशी हरळी झोपी जाते आणि फेब्रुवारीत मैदान पिवळं, टकलं दिसतं. दोष मग माळ्यावर येतो. ओल्या जमिनीवर जड रोलर फिरवणं ही आपल्याकडची आवडती चूक. मैदान सपाट दिसतं, मुळं गुदमरतात.

आखणीसाठी फक्की मारताना कळीचा किंवा विरवलेला चुना वापरू नये. घामाच्या कातडीवर आणि डोळ्यांत तो भाजतो. खडूची भुकटी किंवा पाण्यात कालवलेला रंग चालतो. रेषा १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. गोलपोस्टची आतली मापं ७.३२ आणि २.४४ मीटर. शाळांच्या मैदानावरचे पाइपचे गोल बहुधा या मापाचे नसतात, आणि जमिनीत घट्ट रोवलेलेही नसतात.

एका मैदानावर दिवसात दोन सामने म्हणजे खरी कसरत. दोन डावांची ९० मिनिटं, मध्यंतर १५, वाया गेलेल्या वेळेची भर धरून एक सामना जवळजवळ दोन तास खातो. त्यानंतर उखडलेलं गवत बसवणं, पाणी शिंपडणं, आणि पुढच्या संघांचा ४० मिनिटांचा सराव. दुसरा सामना पहिल्याच्या सुरुवातीनंतर सव्वातीन तासांच्या आत ठेवला की गोलतोंडची जमीन संपलीच म्हणून समजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. प्रकाशझोत नसतील तर पहिला सामना भर दुपारी बारालाच सुरू करावा लागेल. संघांसाठी चार ड्रेसिंग रूम, पंचांसाठी स्वतंत्र खोली, आणि सरावाला वेगळी दोन मैदानं. सामन्याच्या मैदानावर रोज सराव दिला तर तिसऱ्या दिवशी खेळायला काही उरत नाही.

माणसांचा हिशेब साधा आहे. एका संघात २३ खेळाडू आणि डझनभर मदतनीस; चार संघांचे १४० जण, दोघींना एक खोली धरली तरी पंचांसह ऐंशी खोल्या, दहा दिवसांसाठी. सामन्यांमध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती हवी. तुर्कीत २०२४ च्या फेब्रुवारीत अशाच एका स्पर्धेत भारताचे सामने २१, २४ आणि २७ तारखेला होते.

तारखा फिफाच्या महिला वेळापत्रकातल्या असाव्यात, नाहीतर क्लब खेळाडूंना सोडायला बांधील नसतात. फेब्रुवारी आणि नोव्हेंबर-डिसेंबर या खिडक्या नाशिकच्या हवेला जुळतात. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या काळात खोल्या, बस आणि पोलीस या तिन्हींवर कुणी हक्क सांगू नये. अर्ज अखिल भारतीय फुटबॉल महासंघामार्फतच जातो. व्हिसा आणि केंद्राच्या परवानग्यांना काही महिने धरावेत. एखादा देश ऐनवेळी गळाला तर रोज एक संघ रिकामा बसतो, म्हणून राखीव संघाचं नाव आणि प्रवासखर्च कोणाचा हे आधीच लेखी हवं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गुण समान झाल्यावर. अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला हरवलं आणि तिघींनीही ड ला हरवलं, तर परस्पर निकाल निरुपयोगी ठरतो. मग एकूण गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) धरला, तर ड ला कोणी जास्त झोडपलं यावर चषक ठरू शकतो. ते मान्य नसेल तर परस्पर सामन्यांतला गोलफरक आधी धरा. पण हे पहिल्या सामन्याआधी छापून द्या. एकाच मैदानामुळे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होऊ शकत नाहीत, दुसऱ्या जोडीला किती गोल हवेत हे आधीच कळतं, हा या स्पर्धांचा अंगभूत दोष आहे.

आंतरराष्ट्रीय संघ बोलावण्याआधी हीच रंगीत तालीम राज्यातल्या चार महिला संघांवर, याच वेळापत्रकाने आणि याच नियमांनी करावी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या तालुक्यांतल्या मुलींचा दम आपण धावपटू कविता राऊतच्या धावण्यात पाहिला आहे. तालमीच्या या संघांत त्यांना जागा ठेवावी.

आपल्या क्रीडापानालाही एक विनंती. शारजात २०२५ च्या फेब्रुवारीत भारताने जॉर्डनला २-० हरवलं, रशियाकडून ०-२ आणि दक्षिण कोरियाकडून ०-३ हार पत्करली. अशा वेळी ‘भारत पराभूत’ एवढ्यावर न थांबता सगळ्या संघांचा गुणतक्ता आणि गोलफरक छापावा. त्याच संघाने जुलैत थायलंडला २-१ हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. तक्त्याला चार-सहा ओळींची जागा पुरते.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
नाशिक रोड