स्टोर्स साहेब, त्या रविवारी बंदोबस्त कुठे होता?

जेरुसलेमचे लष्करी गव्हर्नर सर रोनाल्ड स्टोर्स यांस,

साहेब, तुम्ही १९५५ लाच गेलात त्यामुळे उत्तर येणार नाही माहितीये, तरी लिहितोय, कारण एप्रिल १९२० ची जेरुसलेममधली अरब-ज्यू दंगल काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

सुरुवात चांगली केली होती तुम्ही लोकांनी, हे मान्य करायलाच पाहिजे. डिसेंबर १९१७ मध्ये तुमचा इंग्रज सेनापती अ‍ॅलनबी जाफा गेटमधून घोड्यावरून उतरून पायी आत आला, सगळ्या धर्मांची ठिकाणं पूर्वीच्या रीतीप्रमाणेच चालतील असा त्याचा जाहीरनामा वाचला गेला, आणि हरम शरीफच्या, म्हणजे मुसलमानांच्या पवित्र मशिदींच्या आवाराच्या भोवती पहारा कुणाचा लावला तर आपल्या हिंदुस्थानी मुसलमान शिपायांचा. तुम्हीही १९१८ मध्ये फर्मान काढलंत की जुन्या शहरात गिलावा नको, पत्रे नकोत, पाडापाडी नको. भिंतींची एवढी काळजी! मग माणसांच्या वेळेला काय झालं?

नबी मूसाची यात्रा म्हणजे काय हे तुम्हाला नवीन नव्हतं. हेब्रॉनची माणसं, नाब्लुसची माणसं आपापली निशाणं घेऊन नाचत गात शहरात येणार, मग सगळे मिळून जेरिकोच्या बाजूला मूसा पैगंबराच्या (म्हणजे मोझेसच्या) दर्ग्याला जाणार. यात्रा मुसलमानांची पण तारीख धरायची ख्रिश्चनांच्या ईस्टरवरून, हे तर मला वाचून गंमतच वाटली. त्या साली ४ एप्रिलला ही गर्दी शहरात, ज्यूंचा पेसाख हा सण आदल्याच दिवशी सुरू झालेला, आणि तुमचा स्वतःचा ईस्टर संडे. तिघांचे सण एकाच गल्लीत, त्यात महिन्यापूर्वी दमास्कसला अरबांचा नेता फैसल राजा झालेला, त्यामुळे हवा आधीच तापलेली. तुमच्या आधीचे राज्यकर्ते तुर्क असल्या दिवशी हजारोंनी सैनिक उभे करायचे आणि तुमच्याकडे पोलीस होते दोनशेच्या आत. तुम्ही सकाळी आई-वडिलांबरोबर चर्चला गेलात.

ज्याने कधी मिरवणूक बघितलीये त्याला कळतं, गर्दी चालती असली की निभावतं, थांबली की संपलं. त्या दिवशी थांबली. बाल्कनीतून भाषणं, फैसलचा फोटो, घोषणा, आणि मग दगड. हे चार दिवस चाललं, ५ ज्यू आणि ४ अरब मेले, दोनशेच्या वर जखमी, आणि त्यात जुन्या शहरातले कितीतरी म्हातारे धार्मिक ज्यू, ज्यांना राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. ते कुणाचे झेंडे घेऊन हिंडत होते?

आणि खरी मेख पुढेच आहे. सोमवारी सकाळी शहराच्या आतलं सैन्य बाहेर काढलं गेलं आणि परत पेटलं. तुमच्याच लोकांच्या चौकशीत ही चूक होती असं निघालं. नगराध्यक्ष मूसा काझीमना तुम्ही काढून टाकलंत, तुमची खुर्ची मात्र शाबूत राहिली, हे आपल्याकडेही बघतोच म्हणा.

बरं १९२१ ची नबी मूसाची यात्रा शांततेत पार पडली. तीच निशाणं, तेच रस्ते, गव्हर्नरही तुम्हीच. मग आदल्या वर्षी काय अडलं होतं साहेब?