वहिनी, तुमचे आभार राहूनच गेले

वहिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांच्या बाराव्याला मी तुमच्यासमोर बसले होते. तशातही तुम्ही माझ्या आईची तब्येत विचारलीत. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून आज लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. पुराच्या त्या दिवसाबद्दल सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

पाचवी ते दहावी आम्ही एका वर्गात. (म्हणून 'तो'च म्हणते, राग मानू नका.) पण तेव्हा मुलं-मुली कुठे बोलायची? सहा वर्षांत आमच्यात दहा वाक्यं झाली असतील तर शपथ. आमच्याकडे दुधाचा रतीब त्याचा. पहाटे मागच्या दाराने येऊन पातेल्यात दूध ओतायचा आणि नंतर वर्गात ओळखही दाखवायचा नाही. मला कुणी चिडवू नये म्हणून, असं आई म्हणायची.

२२ जुलै २०२१. पहाटे चिपळूणच्या मुरादपूरहून आईचा फोन आला, पाणी ओट्याला लागलंय. २००५ ला आलं होतं तेवढंच येईल, या हिशोबाने ती थांबली होती. दुसऱ्या फोनला ती माळ्यावर होती. त्यानंतर फोन लागेचना. मी डोंबिवलीत. वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, त्याचे दोनच शब्द आले, "मी बघतो." मग त्याचाही फोन बंद. टीव्हीवर चिपळूणची बाजारपेठ बुडालेली दिसत होती. बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा पूल खचल्याची बातमी आली, तेव्हा मी देवापुढे बसले ती उठलेच नाही.

पुढचं आईने सांगितलं. ट्रकची ट्यूब आणि नायलॉनची दोरी घेऊन तो मागच्या अंगाने आला. ती वाट त्याच्या पायाखालची. दार पाण्यात गेलेलं, म्हणून पडवीवरून चढला आणि कौलं काढायला लागला. एकेक कौल काढायचा आणि बाजूला रचून ठेवायचा. आई आतून ओरडली, "अरे, फेक ना ती!" तर म्हणाला, "काकू, परत बसवायची आहेत." आठवड्याने त्यानेच बसवली. त्याआधी चार दिवस घरातला चिखल उपसला, तोही त्यानेच.

पण वहिनी, मला बोलायचंय ते सकाळी नऊ ते दुपारी चारबद्दल. तो कापसाळच्या घरातून निघाला तेव्हा तुम्हाला पाणी किती चढलंय ते माहीत होतं. पदरात दोन मुली. फोन बंद. आणि कुणासाठी? जिला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं, तिच्या आईसाठी. तुम्ही "जाऊ नका" म्हणाला असतात, तर कुणी तुम्हाला दोष दिला नसता. तुम्ही दोरी शोधून दिलीत. हे त्यानेच आईला सांगितलं होतं, ट्यूबवर बसवताना. "घाबरू नका काकू, दोरी हिने दिलीय, मजबूत आहे."

ते सात तास तुम्ही कसे काढलेत? मी इकडे तीस तास आईच्या आवाजाची वाट पाहिली, म्हणून विचारते.

आई भिजून लाकडासारखी झाली होती. तुम्ही तिला स्वतःची अबोली साडी नेसवलीत, शेगडीशी बसवलंत, मऊ भात आणि तूप भरवलंत. नंतर ती साडी धुऊन परत द्यायला आली, तर घेतली नाहीत. "आईला दिलेली परत घेतात का?" म्हणालात. आई ती साडी फक्त सणाला नेसते.

त्याचे आभार मी फोनवर मानले होते. "बरं बरं," म्हणून त्याने विषय बदलला. तुम्ही तसं करू नका. मनापासून मानते आहे, घ्या.

आई रोज म्हणते, मला तिच्याकडे घेऊन चल. येत्या रविवारी आम्ही दोघी येतो. तुम्ही चुलीशी जायचं नाही. मऊ भात मी टाकते.

तुमची,
त्याच्या वर्गातली, मुरादपूरची