‘घरचा वाघ’ म्हणणाऱ्यांतला मी एक

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

भारताचा फिरकी गोलंदाज रविचंद्रन अश्विन याने १८ डिसेंबर २०२४ ला ब्रिस्बेनमध्ये निवृत्ती जाहीर केल्यापासून लोकलमध्ये, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर एकच वाद चालू आहे. एक जण १०६ कसोटींतले ५३७ बळी पुढे करतो. दुसरा लगेच विचारतो, ‘त्यातले घरचे किती?’ घरचे, म्हणजे भारतातले, ३८३. म्हणजे दहातले सात. हा प्रश्न विचारणाऱ्यांत मी स्वतः बरीच वर्षं होतो, म्हणून हे पत्र.

मी एका बँकेच्या संघाकडून टाइम्स शील्ड आणि एका क्लबकडून कांगा लीग या मुंबईच्या स्पर्धा खेळलो. ऑफस्पिन टाकायचो, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या आत वळणारी फिरकी. पावसाळ्यात ओल्या विकेटवर मला पाच-पाच बळी मिळायचे आणि मैदान सुकलं की कप्तान चेंडू काढून घेऊन मला थर्डमॅनला उभा करायचा. तेव्हा अनुकूल खेळपट्टी माणसाला किती मोठं दाखवते, हे मला कुणी शिकवायला नको. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेने ४५८ चा पाठलाग करत ४५० पर्यंत मजल मारली. शेवटच्या दिवसाची खेळपट्टी, आणि अश्विनला दोन्ही डावांत मिळून ४२ षटकांत एकही बळी नाही. पुढच्या डर्बन कसोटीत त्याच्या जागी जडेजा आला आणि त्याने सहा जणांना बाद केलं. टीव्ही बंद करताना मी म्हणालो होतो, ‘हा घरचा वाघ.’ बायकोने विचारलं, ‘आणि तुम्ही?’ असो.

माझं मत बदललं ते एका दिवसात नाही. पण वानखेडेवर तो खेळलेल्या सहा कसोटी मी ओळीने मांडून पाहिल्या, तेव्हा ‘घरच्या विकेटवर कुणीही घेईल’ हे वाक्य माझ्याच गळ्यात अडकलं.

पहिली नोव्हेंबर २०११ ची, वेस्ट इंडिजविरुद्ध. त्याची कारकीर्द तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मी रजा टाकून गेलो होतो. सगळं स्टेडियम सचिनच्या शंभराव्या शतकासाठी आलेलं. सचिन ९४ वर बाद झाला आणि माझ्या रांगेतली निम्मी माणसं डबे आवरून उठली. त्यांनी काय घालवलं? अश्विनचं शतक. त्याच सामन्यात त्याने नऊ बळीही घेतले. शेवटच्या दिवशी शेवटच्या चेंडूवर जिंकायला दोन धावा हव्या होत्या. त्याने एक काढली आणि दुसरी घेताना धावबाद झाला. धावसंख्या समान आणि सामना अनिर्णित. कसोटीच्या इतिहासात असं दुसऱ्यांदाच झालं. पहिल्या धावेलाच तो रेंगाळला, असं मला आजही वाटतं. पण शतक आणि नऊ बळी असलेल्या माणसाला एका धावेवरून किती बोलायचं?

दुसरी, पुढच्याच वर्षीची, इंग्लंडविरुद्ध. विकेट हातभर वळणारी, आपणच मागून घेतलेली. पानेसार आणि स्वान या त्यांच्या दोन फिरकीपटूंनी मिळून आपले १९ बळी घेतले. अश्विनला मिळाले दोन. आपण दहा गडी राखून हरलो. तो घाईत होता. एका षटकात सहा तऱ्हेचे चेंडू, जणू परीक्षेत सगळे प्रश्न एकदम सोडवायला बसलाय. कॅरम बॉल (बोटाने टिचकी मारून उलट वळवायचा चेंडू) टाकायला मिळावा म्हणून ऑफस्पिन टाकतोय, असं वाटायचं.

तिसऱ्या कसोटीबद्दल काय लिहू? नोव्हेंबर २०१३, सचिनचा निरोपाचा सामना. अश्विनने सात बळी घेतले होते हे मलाही शोधून काढावं लागलं. त्या सामन्यात दहा बळी घेऊन सामनावीर ठरलेला प्रग्यान ओझा पुन्हा कसोटी खेळलाच नाही, हे तर कुणाच्याच लक्षात नसतं. त्या दिवशी डोळे पाण्याने भरलेले होते, स्कोअरकार्ड कोण बघणार.

चौथी डिसेंबर २०१६ ची. मैदान तेच, पाहुणे पुन्हा २०१२ चेच, इंग्लंड. अश्विनचे बळी १२. पहिल्या डावात सहा, दुसऱ्यात सहा. आपण डावाने जिंकलो. चार वर्षांत वानखेडेची माती बदलली नव्हती, टाकणारा बदलला होता. चेंडू डोळ्यांच्या रेषेवर चढत होता, टप्पा ऑफ स्टंपच्या बाहेर, आणि कॅरम बॉल खिशात. फलंदाज मात्र तो येईल म्हणून वाट बघत बसलेला. फिरकी म्हणजे मला तरी हीच. घरची विकेट बळी देत असेल तर तिने २०१२ मध्येच द्यायला हवे होते.

पाचव्या, २०२१ च्या कसोटीत न्यूझीलंडचा एजाझ पटेल, जन्माने मुंबईकर, याने एका डावात आपले दहाच्या दहा बळी घेतले. त्यानंतर अश्विनने आठ धावांत चार घेऊन न्यूझीलंडचा डाव ६२ वर संपवला. आणि सहाव्या, नोव्हेंबर २०२४ च्या कसोटीत त्याच एजाझने सामन्यात ११ बळी घेतले, आपण १४७ चा पाठलाग करताना १२१ वर गारद झालो आणि मालिका ०-३ अशी गेली. अश्विनला पूर्ण सामन्यात तीन बळी, तीन कसोटींत मिळून नऊ. मायदेशातली ती त्याची शेवटची कसोटी. तो थकलाय हे दिसत होतं. लपवायचं कशाला?

सहा कसोटी, ४१ बळी. त्यात दोनदा प्रतिस्पर्धी फिरकीने त्याला त्याच्याच अंगणात झाकून टाकलं. हे मी त्याची बाजू घेताना सांगतोय. कारण वळणारी विकेट दोन्ही संघांना वळते.

आता परदेश. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड या चारही देशांत त्याच्या नावावर डावात पाच बळी एकदाही नाहीत. ३७ वेळा पाच बळी घेणाऱ्या गोलंदाजाच्या खात्यातली ही खरी रिकामी जागा आहे आणि त्याच्या चाहत्यांनी ती मान्य करावी. पण २०२१ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो चारही कसोटी बाहेर बसला. २०२३ मध्ये ओव्हलवरच्या जागतिक कसोटी अजिंक्यपद अंतिम सामन्यात, क्रमवारीत पहिला असताना, पुन्हा बाहेर. २०२४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातही पर्थला वॉशिंग्टन सुंदर, ॲडलेडला अश्विन, ब्रिस्बेनला जडेजा. डब्यात चढू द्यायचं नाही आणि मग विचारायचं, किती लांब गेलास?

जेव्हा चढू दिलं तेव्हाचा एक चेंडू सांगतो. ॲडलेड, २०२०, योगायोगाने १८ डिसेंबरच. समोर स्टीव्ह स्मिथ, २९ चेंडूंत एक धाव. अश्विन नेहमीच्याच लयीत आला, हात नेहमीच्याच उंचीवरून आला, आणि स्मिथने बॅट आणली ती चेंडू आत वळणार म्हणून. चेंडू वळलाच नाही. सरळ गेला, बॅटची बाहेरची कड घेतली आणि पहिल्या स्लिपमध्ये आमच्या डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्यच्या हातात. ऑफस्पिनरने उजव्या फलंदाजाला स्लिपमध्ये झेलबाद करणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना विचारा. वीस वर्षांत मला असे तीन मिळाले, आणि त्यातले दोन चेंडू मी वळवायलाच गेलो होतो.

डावखुऱ्यांचं तर बोलायलाच नको. त्याच्या बळींत निम्मे डावखुरे. बेन स्टोक्स एकटा १३ वेळा. इथे मात्र जुन्यांवर अन्याय नको. आमच्या काळी फलंदाजाने पाय पुढे टाकून चेंडू पॅडवर घेतला की अंपायर नाबाद म्हणून मान हलवायचा, संपलं. प्रसन्ना, वेंकट या तेव्हाच्या ऑफस्पिनरना डीआरएस (अंपायरचा निर्णय टीव्हीवर तपासून घ्यायची सोय) मिळाला असता तर त्यांचे आकडे काय असते? चेंडू हवेत टांगून ठेवण्यात प्रसन्ना आजही मला उजवा वाटतो. अश्विन मोठा आहे तो दुसऱ्या कारणाने. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला कळायचं, आणि ते तो उघडपणे बोलायचा. इंजिनिअर माणूस.

नॉन-स्ट्रायकरच्या, म्हणजे गोलंदाजाकडच्या फलंदाजाच्या, प्रकरणातही तेच. २०१९ च्या आयपीएलमध्ये चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून निघालेल्या बटलरला त्याने बेल्स उडवून बाद केलं तेव्हा मी इथल्याच एका कट्ट्यावर तावातावाने भांडलो होतो. त्याच्या बाजूने. कारण एका कांगा लीग सामन्यात माझ्या एण्डचा फलंदाज चेंडू सुटण्याआधी दोन पावलं पुढे असायचा. मी दोनदा थांबलो, त्याला समज दिली, तो हसला. तिसऱ्यांदा बेल्स उडवायचं धाडस झालं नाही. तशीच एक चोरटी धाव घेऊन ते जिंकले. १९४७ मध्ये सिडनीला विनू मांकडांनी बिल ब्राऊनला तसंच बाद केलं तेव्हापासून त्यांच्या नावाची ‘मंकडिंग’ अशी शिवी करून ठेवली होती. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने हा नियम ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून सरळ ‘धावबाद’ या कलमात टाकला. अश्विन गप्प बसला असता तर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही.

फलंदाजीतल्या ३,५०३ धावांवर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. सिडनीत जानेवारी २०२१ ला पाठ इतकी धरली होती की वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती, असं त्याच्या पत्नीने सांगितलं. तसाच उभा राहून १२८ चेंडू खेळला, हनुमा विहारीबरोबर कसोटी वाचवली. नाबाद ३९.

मालिका अर्धी सोडून गेला, निरोपाचा सामना घेतला नाही, याबद्दल काही जण नाराज आहेत. मला ते आवडलं. संघात जागा नक्की नसेल तर फेअरवेलसाठी कुणाला तरी बाहेर बसवायचं का?

मी रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना नेट्समध्ये थोडंफार दाखवतो. परवा एक बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘काका, कॅरम बॉल शिकवा.’ चेंडू अंगठा आणि दुमडलेल्या मधल्या बोटात धरून सोंगटीला मारतात तशी टिचकी मारायची, एवढं मी सांगितलं. करून दाखवायला गेलो तर चेंडू माझ्याच पायावर पडला. माझं बोट आता तेवढं दुमडत नाही. मग मोबाइलवर अश्विनचा व्हिडिओ लावून दिला आणि बाजूला झालो. मुलाने पाऊण तास टिचक्या मारल्या. एक चेंडू टप्प्यावर पडला आणि थोडासा बाहेर गेला. दुसरा अजून गेलेला नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)