लेस मॅकॅन यांना, एका गाण्याबद्दल

प्रिय लेस मॅकॅन,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन जॅझचे पियानोवादक आणि गायक असलेले तुम्ही २९ डिसेंबर २०२३ रोजी गेलात, म्हणजे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी आभार मानायचे आहेत, आणि तेही चारचौघांत.

‘कम्पेअर्ड टू व्हॉट’ (‘कशाच्या तुलनेत?’) हे गाणं लिहिलं जीन मॅकडॅनियल्स यांनी. लॉस एंजलिसमध्ये एके काळी ते तुमच्याच त्रिकुटाबरोबर गायचे. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं होतं आणि हा माणूस सरळ लिहून गेला की राष्ट्राध्यक्ष लढाई करतात, कशासाठी ते कुणाला ठाऊक नाही, आणि शंका काढली की तो देशद्रोह ठरतो. पैसा, चर्च, बड्यांचं ढोंग, काहीच त्यातून सुटलेलं नाही. आणि फिरून फिरून तोच सवाल: खरं जगायची धडपड चाललीय, पण कशाच्या तुलनेत? १९६६ मध्ये तुम्ही ते ध्वनिमुद्रित केलंत. तेव्हा ते गाजलं नाही.

मग वॉशिंग्टनच्या ‘मिस्टर हेन्रीज’ या क्लबमध्ये तुम्ही रोबर्टा फ्लॅक यांना ऐकलंत. शाळेत शिकवता शिकवता क्लबमध्ये गाऊ लागलेल्या बाई. ‘छान गातात’ म्हणून तुम्ही घरी गेला नाहीत. अटलांटिक या तबकड्या काढणाऱ्या कंपनीकडे त्यांच्यासाठी शब्द टाकलात, त्यांची ऑडिशन घडवून आणलीत. १९६९ मध्ये त्यांची पहिली तबकडी ‘फर्स्ट टेक’ आली आणि तिच्यातलं पहिलंच गाणं होतं ‘कम्पेअर्ड टू व्हॉट’. आधी रॉन कार्टर यांचा बास, मग फ्लॅक बाईंचा तो आवाज, अजिबात न चढणारा आणि तरीही धारदार. आपण ज्या गाण्यावर जीव टाकला तेच दुसऱ्याच्या गळ्यात इतकं शोभावं, याचा आनंद मानायला मन मोठं लागतं. पहिले आभार याचे.

दुसरे आभार २१ जून १९६९ च्या संध्याकाळचे. स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, तिथला जॅझ महोत्सव, कॅसिनोतली मैफल, पियानोवर तुम्ही, टेनर सॅक्सोफोनवर एडी हॅरिस, ट्रम्पेटवर बेनी बेली, बासवर लिरॉय व्हिनेगर, ड्रमवर डोनाल्ड डीन. एकत्र तालीम जवळजवळ नाहीच. आणि तरी ते आठ मिनिटांहून लांब गाणं! सुरुवातीला तुम्ही गातच नाही. डावा हात तीच सुरावट घोळवत राहतो, ड्रम खालून रेटा देतात, बऱ्याच वेळाने पहिली ओळ येते, तोवर श्रोते तुमचे झालेले असतात. दोन कडव्यांच्या मध्ये हॅरिस आणि बेली आळीपाळीने असे वाजवतात, की शब्दांत मावला नाही तो संताप तिथे निघतो. त्या मैफलीच्या ‘स्विस मूव्हमेंट’ या तबकडीने हे गाणं जगभर नेलं.

तुमचा तो संयम मला रोज उपयोगी पडतो. मी पथनाट्यांसाठी गाणी बसवतो. ढोलकीला आधी मोकळं सोडायचं, माणसं गोळा होऊ द्यायची, पाय ठेका धरू लागले की मग सवाल टाकायचा, हे मी त्या ध्वनिमुद्रणाकडून शिकलो. चौकात उभा राहिलेला माणूस उपदेश सुरू झाला की पाय काढता घेतो. ठेक्यात अडकलेला माणूस मात्र सगळं ऐकून जातो, न पटणारंही.

२०१० मध्ये गायक जॉन लेजंड आणि ‘द रूट्स’ हा बँड यांनी हे गाणं ‘वेक अप!’ या अल्बममध्ये पुन्हा गायलं, तेव्हा व्हिएतनामचं युद्ध संपून पस्तीस वर्षं झाली होती. सवाल कुठे जुना झालेला वाटत नाही. मॅकडॅनियल्स २०११ मध्ये गेले, फ्लॅक बाई २०२५ च्या फेब्रुवारीत. आमच्या गटात नवीन मुलं आली की मी त्यांना आधी बाईंचं ऐकवतो, लगेच मागोमाग तुमचं, आणि कुणाला काय आवडलं यावर ती तासभर हिरिरीने भांडतात.

मनापासून आभार.

तुमचा,
एक मराठी श्रोता