पदकतक्त्यात न मावणारी रेझत्सोवा

संपादक महोदय,

हिवाळी ऑलिंपिक आले की आपल्या क्रीडा पानावर पदकतक्ता येतो, फार तर एखादे बर्फातले छायाचित्र, आणि विषय संपतो. तक्ता हवाच. पण त्यात काही खेळाडू अक्षरशः वेगवेगळ्या देशांच्या नावांत वाटले जातात. रशियाची अनफिसा रेझत्सोवा त्यातलीच.

१९८८ मध्ये कॅलगरीला क्रॉसकंट्री स्कीइंगच्या, म्हणजे बर्फावरून लांब पल्ला स्कीवर पळण्याच्या खेळाच्या, रिलेत तिने सुवर्ण जिंकले, २० किलोमीटरमध्ये रौप्य. ही पदके सोव्हिएत संघाच्या खात्यात. पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि बाई परतल्या त्या थेट पाठीवर रायफल घेऊन, बायथलॉनमध्ये, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजीच्या जोडखेळात. १९९२ ला आल्बेरव्हिलमध्ये महिलांचे बायथलॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आले होते. तोवर सोव्हिएत संघ मोडला होता, त्यामुळे तिचे सुवर्ण माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या 'संयुक्त संघा'च्या नावावर, ध्वजही ऑलिंपिकचा. १९९४ ला लिलेहामरमधले रिलेचे सुवर्ण रशियाचे.

त्यातली आल्बेरव्हिलची शर्यत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. साडेसात किलोमीटर स्कीवर पळायचे, मध्ये दोनदा थांबून ५० मीटरवरची पाच-पाच लक्ष्ये टिपायची. एकदा आडवे पडून, एकदा उभ्याने. आडवे पडून मारायचे लक्ष्य अवघे ४५ मिलिमीटरचे, आणि छाती तर भात्यासारखी चालत असते. एक नेम चुकला की १५० मीटरची जादा फेरी. रेझत्सोवाचे तीन नेम चुकले. म्हणजे एकही नेम न चुकवणारीपेक्षा ती साडेचारशे मीटर जास्त पळाली, तरीही जर्मनीच्या आंत्ये मिझर्स्कीला तिने सुमारे १६ सेकंदांनी मागे टाकले! नेमबाजीचे भोक्ते यावर नाक मुरडतील. मुरडोत. क्रॉसकंट्री आणि बायथलॉन या दोन्ही खेळांत ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली महिला ठरली ती याच पायांच्या जोरावर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी ती गेली. तिच्या मुली दारिया आणि क्रिस्टिना बायथलॉनमध्येच उतरल्या. क्रिस्टिनाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रिलेत रौप्य आणि मिश्र रिलेत कांस्य मिळवले, पण उत्तेजक प्रकरणातल्या कारवाईमुळे तेव्हा रशियाचे नाव लावायला बंदी होती. तक्त्यात नोंद झाली ती 'रशियन ऑलिंपिक समिती' अशी. उत्तेजकांचा तो डाग झाकावा असे मी म्हणत नाही, त्यावरही जरूर लिहा. पण मायलेकींची पदके चार वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली असताना नुसत्या देशांच्या यादीतून वाचकाला काय कळणार?

पुढच्या हिवाळी ऑलिंपिकला तक्त्याची जागा थोडी कमी करून रोज एका खेळाडूला अर्धा रकाना द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली