रोजच्यापुरता मान्ना

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहिते. आमच्या इमारतीतली तळमजल्याची जागा घेतली आहे. पुढच्या महिन्यापासून तुम्ही दोघं पुण्यात. आठवड्यातून तीनदा बाबांचं डायलिसिस, दर वेळी चार-चार तास, आणि आई रिक्षासाठी उन्हात उभी, हे मला इथे बसून सोसवत नाही. नगरचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. किल्ली आईच्याच पर्समध्ये. मोरीत धरायला दांडा बसवलाय, बाबांची आरामखुर्ची खिडकीपाशी मावते हे मोजून पाहिलंय, मोगऱ्याच्या कुंड्यांना गॅलरी आहे. चर्चही जवळ आहे.

बाबा, "आयुष्यभर सेवा केली, त्याचं हे फळ" असं तुम्ही म्हणालात. संध्याकाळची प्रार्थनाही थांबवलीत, असं आई म्हणाली. मला राग नाही आला. "कोठवर?" असं दाविदानेही विचारलं, पण देवालाच विचारलं. मोशेबरोबर मिसरातून सुटलेले इस्राएल लोक मात्र रानात आपापल्या तंबूच्या दाराशी रडत बसले. मिसरातल्या काकड्या, कांदे, लसूण आठवले, तिथली गुलामी विसरली. हे संडे स्कूलमध्ये तुम्हीच शिकवलंत. देव त्यांना रानात रोज द्यायचा ते अन्न, म्हणजे मान्ना, धण्यासारखा दिसायचा म्हणून आईच्या डब्यातले धणे मुठीत आणले होतेत. मान्न्यासारखी मधाची चव लागेल म्हणून मी त्यातले चावून पाहिले, आणि माझं तोंड बघून तुम्ही किती हसला होतात!

तो मान्ना एका दिवसापुरताच असे. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, तेवढा आदल्या दिवशी दुप्पट. एरवी उरवला तर किडे पडत. रोज सकाळी पुन्हा देवावर विसंबायचं. तुम्ही मात्र पुढच्या पाच वर्षांची काळजी आजच करता, मग धीर खचतो. उद्याचं डायलिसिस नीट झालं, घरी येऊन झोप लागली, की तेवढ्याबद्दल आभार मानू. आजार चांगला आहे असं म्हणा, हे मी कधीच सांगणार नाही. पण "कुरकुर न करता करा" हे प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिलं. आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंबद्दल तुम्हीच सांगितलं होतंत ना? १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तरी १९२२ मध्ये स्वतःचा अंत येईपर्यंत त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. त्या रडल्या असतीलच. देवाशी अबोला मात्र धरला नाही.

आता ऐका. फिस्तुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, त्या हातात पिशवी धरायची नाही. पाणी मोजूनच. शहाळं बंद म्हणजे बंद, त्यात पोटॅशियम असतं. आई, कमी सोडियमचं मीठ आणू नकोस, त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेलं असतं. लोणच्याची बरणी आण, पण ती तुझ्या ताटापुरती. आणि तूही वेळेवर जेवत जा गं.

प्रार्थना आजपासून सुरू करा. बाबांना बोलवत नसेल तर आईने वाचावं, बाबांनी नुसतं आमेन म्हणावं. रागाने म्हटलंत तरी देव ऐकतो, बाबा.

सामान बांधायला मी आणि हे येतो आहोत. तोवर माळ्यावर कोणी चढायचं नाही.

तुमची,
छकुली